वेळेचा रकाना कोरा का राहिला: एका पोलिस अंमलदाराचं प्रकरण

हे प्रकरण संबंधित अंमलदारांच्या संमतीने लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. मजकूर त्यांनी स्वतः वाचला आणि दोन परिच्छेद काढायला सांगितले, ते काढले. मी पोलिस दलाच्या नोकरीत नाही. दलाबरोबर बाहेरून काम करणारी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. या प्रकरणातली पहिली मोठी चूक माझ्या हातून झाली, म्हणून तीही लिहिते आहे.

पार्श्वभूमी

अंमलदारांची नोकरी १४ वर्षांची. वय चाळिशीच्या आत, घरी पत्नी आणि आठ वर्षांची मुलगी. ठाण्यात त्यांची ओळख कामाला वाघ अशी. कुणाची रजा अडली की माणूस यांच्याकडे यायचा आणि हे ड्यूटी बदलून द्यायचे. कधी तक्रार नाही, कधी आवाज चढवला नाही.

एका रात्रपाळीत अपघाताचा कॉल आला. ट्रकखाली दबलेल्या मोटारीत एक तरुण अडकला होता. पत्रा कापायचं यंत्र येईपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. अंमलदारांनी फुटलेल्या काचेतून हात आत घातला आणि त्याचा हात धरून बसले. तरुण शुद्धीवर होता. तो एकच गोष्ट विचारत होता, "किती वाजले?" दर दोन-तीन मिनिटांनी तेच. यंत्र यायला ४० मिनिटं लागली. ते पोहोचलं तेव्हा प्रश्न थांबला होता.

पंचनामा, अडलेली वाहतूक मोकळी करणं, घरच्यांना निरोप देणं, सगळं यांनीच केलं. सकाळी घरी गेले आणि रात्री पुन्हा ड्यूटीवर हजर झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला बोलावणं आलं. त्या रात्री घटनास्थळी असलेल्या सगळ्यांची एकत्र बैठक घ्यायची होती. अकरा जण गोल बसले होते आणि त्यांच्यातच त्यांचे वरिष्ठ. मी प्रत्येकाला काय पाहिलं, काय वाटलं ते सांगायला लावलं. अंमलदारांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "ठीक आहे मॅडम. ड्यूटीचा भाग आहे." मी पुढच्या माणसाकडे वळले.

घटनेनंतर लगेच माणसांना एकत्र बसवून बोलतं करण्याची ही पद्धत १९८३ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेफ्री मिचेल यांनी मांडलेल्या 'डीब्रीफिंग'वरून आली. हेतू चांगला होता. पण एका बैठकीत उरकलेल्या डीब्रीफिंगमुळे पुढचा आघातोत्तर तणाव विकार (पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवानंतर रेंगाळणारा मानसिक आजार) टळत नाही, काहींना उलट त्रास होऊ शकतो, हे वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २००२ च्या आढाव्यात स्पष्ट झालं. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं तर असं डीब्रीफिंग देऊ नका, असंच सांगतात. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी गेले, कारण नाही म्हटलं तर दल पुन्हा बोलावणार नाही अशी धास्ती होती. त्या बैठकीतून अंमलदारांनी एक गोष्ट पक्की शिकून घेतली: ही बाई साहेबांसमोर बोलायला लावते.

अडचण कशी वाढत गेली

पुढचे पाच महिने ठाण्यात कुणाला काही खटकलं नाही, कारण बदल कामसूपणाच्या रूपात आला. अंमलदार रात्रपाळ्या मागून घेऊ लागले. सहकाऱ्यांना वाटलं, भला माणूस आहे, दुसऱ्यांचा भार उचलतो. खरं कारण असं की रात्री झोपायची त्यांना भीती वाटायची. दिवसा पडदे ओढून दोन-तीन तास डोळा लागायचा. त्यासाठी आधी दारू, मग दारू आणि गोळी.

घरी बोलणं कमी झालं. एकदा मुलीने शाळेला निघताना सहज विचारलं, "बाबा, किती वाजले?" ते तिच्या अंगावर इतक्या जोरात ओरडले की तिच्या हातातली बाटली खाली पडली. त्यानंतर मुलगी त्यांना काही विचारायची बंद झाली. पत्नीने हे मला खूप उशिरा सांगितलं. तिला आधी कुणी विचारलंच नव्हतं.

याच काळात त्यांनी मदत मागायचा तीनदा प्रयत्न केला होता. पोलिस मदत मागत नाहीत असं सर्रास म्हटलं जातं, म्हणून हे तीन प्रयत्न सविस्तर लिहिते.

पहिला प्रयत्न घटनेनंतर साधारण सहा आठवड्यांनी. सूचना फलकावर लावलेल्या हेल्पलाइनला त्यांनी फोन केला. पलीकडून पहिलाच प्रश्न आला, "नाव, बक्कल नंबर, ठाणं?" त्यांनी फोन ठेवला.

दुसरा प्रयत्न एका खासगी समुपदेशकाकडे, पदरचे पैसे भरून. अपघाताची हकिगत निम्मी सांगून होते तोच समोरच्या बाईंचे डोळे भरून आले. अंमलदारांनी त्यांना पाण्याचा ग्लास दिला, धीर दिला आणि परत गेले नाहीत. "त्यांना अजून त्रास कशाला द्यायचा," हे त्यांचे शब्द.

तिसरा प्रयत्न नेहमीच्या डॉक्टरांकडे. छातीत जळजळ आणि डोकेदुखी सांगितली. गोळ्या मिळाल्या, त्यात एक झोपेची. झोप का लागत नाही, हे दोन्ही बाजूंनी निघालं नाही.

म्हणजे माणूस तीन दारं ठोठावून आला होता.

नेमकं आडवं काय आलं

पहिल्या भेटीत मी त्यांना विचारलं, यायला इतका वेळ का लागला? त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. सेवापुस्तकात काय लिहिलं जाईल? बढतीच्या यादीत नाव होतं, ते निघेल का? शस्त्र काढून घेतील का, आणि काढलं तर ते सगळ्यांसमोर काढतील का? ड्यूटीवरचा जोडीदार म्हणेल का, याच्याबरोबर ड्यूटी नको?

यातल्या एकाही प्रश्नाला भित्रेपणाचा वास नाही. हे व्यवहाराचे प्रश्न आहेत. उत्तरं कुठेच लिहिलेली नव्हती, त्यामुळे प्रत्येक जण ऐकीव गोष्टींवरून उत्तर बांधत होता. ठाण्यात एक जुनी गोष्ट फिरत होती: कुणीतरी मानसोपचार घेतले आणि त्याला कायमचं कागदांच्या खोलीत बसवलं. तो माणूस कोण, कधीचा, कुणालाच माहीत नव्हतं. गोष्ट मात्र सगळ्यांना पाठ होती.

हे एका ठाण्यापुरतं नाही. पोलिस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवेतल्या लोकांवरच्या अभ्यासांचा एक एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साधारण तीनपैकी एकाने लोक काय म्हणतील हा अडसर असल्याचं सांगितलं होतं. सर्वांत वर दोन भीती होत्या: गुप्तता राहणार नाही, आणि नोकरीवर परिणाम होईल. गरज किती मोठी आहे, तेही २०२० च्या एका आढाव्यातून दिसतं. २४ देशांतल्या २,७२,४६३ पोलिसांची माहिती त्यात एकत्र केली आहे. आघातोत्तर तणाव विकार सुमारे १४ टक्के, नैराश्य सुमारे १४.६ टक्के, आणि धोकादायक प्रमाणात मद्यपान जवळजवळ २६ टक्के. हे आकडे समोर ठेवले तर कोणत्याही मोठ्या ठाण्यात असा एकच माणूस असेल, हे शक्यच नाही.

काही अडचणी याहून साध्या होत्या. दलाच्या आवारातल्या समुपदेशन कक्षाचा दरवाजा थेट हजेरीच्या मैदानासमोर उघडत होता. कक्षाची वेळ सकाळी दहा ते पाच, म्हणजे रात्रपाळीवाल्याच्या झोपेची वेळ. आणि ऐन वेळी बंदोबस्त लागला की ठरलेली भेट बुडायची. दोन भेटी बुडाल्या की नाव यादीतून जायचं. माणूस मनाने तयार असला तरी ही व्यवस्था त्याला आत येऊ देत नव्हती.

पहिला निर्णय: नोटीस की चर्चा

ठाणे प्रमुख मॅडमना हे कळलं ते स्टेशन डायरीमुळे. डायरीत प्रत्येक नोंदीला वेळ लिहावी लागते. एका तपासणीत त्यांना दिसलं की या अंमलदारांच्या नोंदींमध्ये वेळेचा रकाना कोरा आहे. अक्षर नेहमीसारखं नेटकं, मजकूर पूर्ण, सही आहे, फक्त वेळ नाही. मागची पानं उलटली, तर जवळजवळ चार महिन्यांपासून हेच.

त्यांनी मला फोन केला. "कारणे दाखवा नोटीस काढू, की तुमच्याकडे पाठवू?"

मी दोन्हीला नको म्हटलं. नोटीस काढली तर लक्षणाला शिक्षा होणार होती. माझ्याकडे पाठवलं तर तो हुकूम झाला असता, आणि हुकमाने आलेला माणूस त्या गोल बैठकीतल्यासारखाच "ठीक आहे" म्हणून उठून गेला असता. मी सुचवलं, एकट्याला बोलवा, डायरी उघडून दाखवा, आणि काय झालंय असं विचारू नका. त्यांना पडले असतील ते प्रश्न त्यांनी विचारायच्या आत तुम्हीच सोडवा.

मॅडमनी ते माझ्या अपेक्षेपेक्षा चांगलं केलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही बाहेर कुणाशी बोललात तर ते सेवापुस्तकात जाणार नाही. बढतीच्या यादीशी त्याचा संबंध नाही, मी विचारून घेतलंय. तिथे काय बोललात ते मला कळणार नाही आणि मी विचारणार नाही. शस्त्राचं मात्र मी आत्ता सांगू शकत नाही. ते धोका आहे की नाही त्यावर ठरेल."

अंमलदारांनी मला नंतर सांगितलं, "चौथी गोष्ट त्यांनी गोड करून सांगितली नाही, म्हणून पहिल्या तीनवर विश्वास बसला."

तरी ते लगेच आले नाहीत. मधे नऊ दिवस गेले. दुसऱ्या ठाण्यातले एक ज्येष्ठ हवालदार सहकारी मदतनीस म्हणून प्रशिक्षण घेतलेले होते. मॅडमनी अंमलदारांना फक्त त्यांचा नंबर दिला. दोघांनी दोनदा फोनवर बोलणं केलं. पहिल्या भेटीच्या दिवशी ते हवालदार साध्या कपड्यात यांना स्वतःच्या गाडीवर घेऊन आले आणि खाली थांबले. दोन तास. वर आले नाहीत, काही विचारलं नाही.

कोणते पर्याय समोर होते

एक पर्याय होता कार्यक्षमता तपासणीचा, म्हणजे माणूस ड्यूटीसाठी योग्य आहे का हे पाहण्याचा, अधिकृत आदेश. तो वेगवान होता आणि कागदोपत्री सुरक्षित. पण तपासणी आणि उपचार या वेगळ्या गोष्टी आहेत. तपासणारा दलाला उत्तर देतो, उपचार करणारा समोरच्या माणसाला. या वळणावर तपासणी लावली असती तर उपचाराची वाट तिथेच बंद झाली असती.

दुसरा पर्याय पूर्ण खासगी उपचारांचा, दलाला काहीच न सांगता. अंमलदारांना हाच हवा होता. यात गुप्तता पूर्ण राहिली असती, पण खर्च त्यांच्यावर पडला असता आणि ड्यूटीत बदल करायचा मार्ग उरला नसता.

लांब रजा हाही विचार झाला. तो आम्ही पटकन बाजूला ठेवला. घरी एकटे, दिवसभर, दारूच्या जवळ, ही कल्पना दोघांनाही बरी वाटली नाही.

शेवटी ठरलं ते असं: उपचार माझ्याकडे, आवाराबाहेरच्या साध्या इमारतीत. बिल दलाच्या कल्याण निधीतून, पण नावाऐवजी क्रमांकावर. क्रमांक कुणाचा हे निधीच्या हिशेबात येणार नाही. भेट ड्यूटीमुळे बुडाली तर ती बुडाली असं धरायचं नाही. आणि पुढे कधी शस्त्राबद्दल किंवा कार्यक्षमतेबद्दल प्रमाणपत्र लागलं तर ते मी देणार नाही, तिसरी व्यक्ती देईल. शेवटची अट मी घातली. दलाला ती पटायला वेळ लागला, कारण एकाच माणसाकडून दोन्ही कामं करून घेणं त्यांना सोयीचं होतं.

दुसरा निर्णय: शस्त्र

पहिल्याच भेटीत, काहीही सांगायच्या आधी, मी गुप्ततेची मर्यादा सांगितली. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर मी गप्प बसणार नाही, आणि बोलले तर तुम्हाला आधी सांगून बोलेन. बाकी सगळं या खोलीत राहील.

मग तास संपत आला असताना थेट विचारलं, जगणं नको असं वाटतं का? आत्महत्येचा विचार येतो का? अनेकांना वाटतं, असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जातो. तसं होत नाही, हे अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. विचारल्यावर अनेकांना मोकळं वाटतं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "रोज येतो. ड्यूटी संपून शस्त्र जमा करायच्या आधी येतो."

ठरवलेलं काही नव्हतं, पण विचार रोजचा होता, दारू होती आणि शस्त्र हाताशी होतं. या तीन गोष्टी एकत्र असताना "वचन द्या, काही करणार नाही" असं म्हणून माणसाला घरी पाठवणं मला मान्य नव्हतं. दुसरीकडे, मी त्यांना डावलून फोन केला असता तर दुसऱ्या दिवशी शस्त्रागाराच्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढे रेघ दिसली असती आणि संध्याकाळपर्यंत ठाणंभर झालं असतं.

मी त्यांना दोन्ही बाजू सांगितल्या. सांगितलं की आज शस्त्राची सोय झाल्याशिवाय मी तुम्हाला या खोलीतून जाऊ देणार नाही. तुम्ही फोन केलात तर तुमच्या शब्दांत होईल. तुम्ही नाही केलात तर मला करावा लागेल. दहा-पंधरा मिनिटं गेली. मग त्यांनीच मॅडमना फोन लावला. त्यांचं वाक्य मी लिहून ठेवलं आहे: "मॅडम, काही आठवडे शस्त्र लागणार नाही अशी ड्यूटी मिळाली तर बरं होईल."

मॅडमनी कारण विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पाच जणांच्या ड्यूटी एकदम बदलल्या, त्यात हे एक होते. यांना नव्या भरतीच्या मुलांना अहवाल लेखन शिकवायला पाठवलं. पाचांमध्ये एक बदल कुणाच्या डोळ्यात आला नाही.

पहिल्या भेटीच्याच संध्याकाळी आम्ही लिखित सुरक्षा योजना केली. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राऊन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी घडवलेला हा नमुना आता जगभर वापरात आहे. त्रास वाढतोय हे कशावरून ओळखायचं, तेव्हा स्वतः काय करायचं, कुणाकडे जायचं, कुणाला फोन करायचा, आणि घरातून काय दूर ठेवायचं. कागद त्यांच्या खिशात राहिला. झोपेच्या गोळ्या पत्नीकडे गेल्या, आणि दारूबद्दल त्यांनी पहिल्यांदा खरा आकडा सांगितला. गोळ्या आणि दारू दोन्हींसाठी एका मानसोपचारतज्ज्ञांना बरोबर घेतलं.

उपचार

आघातावर केंद्रित वर्तन-विचार उपचार (सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणूक यांवर बोलण्यातून काम करणारा उपचार) हा मार्ग निवडला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये मोठ्यांच्या आघातोत्तर तणावासाठी सुचवलेल्या उपचारांत हा आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या आधाराने केला जाणारा उपचार) होते. साधारण ८ ते १२ सत्रं लागतात. आमची १४ झाली, कारण दोन आठवडे बंदोबस्तात गेले आणि एकदा दारूमुळे सत्र घेता आलं नाही.

पहिली चार सत्रं अपघाताची हकिगत नीट क्रमाने सांगण्यात गेली. त्यांची हकिगत अहवालासारखी असायची: अमुक ठिकाणी पोहोचलो, अमुक स्थिती आढळली. मी फक्त विचारायची, हाताला काय जाणवत होतं? कोणता आवाज येत होता?

पाचव्या सत्रात ते थांबले आणि म्हणाले, "मी त्याला खोटं सांगितलं."

तरुण दर वेळी वेळ विचारायचा आणि हे म्हणायचे, "पाचच मिनिटं झाली, येतीलच." दहा मिनिटं झाली तरी पाच, अर्धा तास झाला तरी पाच. मनगटावरचं घड्याळ बाहीखाली सरकवून ठेवलं होतं. "शेवटचे काही क्षण होते त्याचे. त्याला खरी वेळसुद्धा कळू दिली नाही."

तेव्हा मला डायरीतला कोरा रकाना समजला. त्या रात्रीपासून त्यांना कोणतीही वेळ लिहिताना हात अडत होता. हा निष्काळजीपणा नव्हता. खोटी नोंद पुन्हा करायची नाही, एवढंच ते पाळत होते.

पुढची सगळी सत्रं याच एका वाक्याभोवती फिरली. मी त्यांना "तुमची काही चूक नाही" असं एकदाही म्हटलं नाही. ते सगळ्यांनी म्हटलं असतं, आणि त्याचा काही उपयोग झाला नसता. त्याऐवजी आम्ही पाहिलं, तो तरुण वेळ विचारत होता म्हणजे काय विचारत होता? अंमलदारांनी स्वतःच, नवव्या सत्रात, सावकाश उत्तर दिलं: "मी अजून आहे ना, हे बघत होता तो. मी उत्तर दिलं की त्याची मूठ सैल व्हायची." त्या दिवशी ते पहिल्यांदा रडले.

मोजमापही ठेवलं. आघातोत्तर तणावाची लक्षणं मोजणाऱ्या पीसीएल-५ या २० प्रश्नांच्या चाचणीत ८० पैकी गुण मिळतात आणि साधारण ३१ ते ३३ च्या वर गेले की विकाराची शंका घेतात. सुरुवातीला ते पन्नाशीच्या पुढे होते, शेवटी विशीच्या आसपास.

निष्पत्ती

शस्त्राविना ड्यूटी सहा आठवड्यांची ठरली होती, ती ११ आठवडे चालली. मग दुसऱ्या तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासणी करून त्यांना पूर्ण ड्यूटीसाठी योग्य ठरवलं. माझ्या नोंदी त्या तज्ज्ञांनी मागितल्या. मी दिल्या नाहीत, आणि अंमलदारांनी जे सांगायचं ते स्वतः सांगितलं. बढतीच्या यादीतलं नाव जागेवर राहिलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एका सहकाऱ्याने यांच्याबरोबर रात्रपाळी नको असं तोंडी सांगितलं. ते यांच्या कानावर आलं आणि आठवडाभर त्याचा त्रास झाला. दारू पूर्ण सुटली नाही. दोनदा घसरण झाली, दोन्ही वेळा त्यांनीच कळवलं. मुलगी वडिलांजवळ मोकळेपणाने बसायला उपचार संपल्यावरही बराच काळ गेला.

दलाला त्यांना इतरांसमोर उदाहरण म्हणून उभं करायचं होतं. सहकारी मदतनीस व्हा, असंही सुचवलं. त्यांनी दोन्हीला नकार दिला. मी त्यांच्या बाजूने उभी राहिले. बरा झालेला माणूस हा दलाच्या प्रचाराचा फलक नाही.

वेगळं काय करता आलं असतं

गोल बैठक घ्यायलाच नको होती. त्या दिवशी एवढंच पुरेसं होतं: माणसाला विश्रांती, गरम जेवण, घरी सोडायला कुणीतरी, आणि महिन्याभरात एकट्याने गाठून चौकशी. चौथ्या आठवड्यात कुणी यांच्याशी दहा मिनिटं बोललं असतं तर हेल्पलाइनच्या त्या फोनच्या आधी आम्ही पोहोचलो असतो.

पत्नीला मी उपचारांच्या मध्यावर भेटले. पहिल्या आठवड्यात भेटायला हवं होतं. घरात काय बदललं हे तिला तारखेनिशी माहीत होतं. आणि तिलाही कुणीतरी हवं होतं, ते कुणाच्याच यादीत नव्हतं.

हेल्पलाइनने बक्कल नंबर विचारणं बंद केलं. हा बदल करायला काही खर्च आला नाही.

सर्वांत उपयोगी ठरला तो एक छापील कागद. मॅडम, ते ज्येष्ठ हवालदार आणि मी मिळून केला. त्यावर अंमलदारांनी बोटांवर मोजलेले प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला सरळ उत्तर: कुणाला कळेल, कुणाला कळणार नाही, सेवापुस्तकात काय जातं, शस्त्र कधी आणि कसं बदलतं, परत कसं मिळतं, बढतीवर काय परिणाम होतो. जिथे उत्तर 'परिस्थितीवर अवलंबून' आहे तिथे तसंच लिहिलं, आणि कोण ठरवतं तेही. खाली ठाणे प्रमुखांची सही.

कॅनडातल्या माँट्रियल पोलिसांनी १९९७ पासून असंच काही मोठ्या प्रमाणावर केलं: सगळ्यांना प्रशिक्षण, वरिष्ठांना आणि संघटनेच्या प्रतिनिधींना वेगळं प्रशिक्षण, पोलिसांसाठी स्वतंत्र फोनसेवा, आणि प्रसार. पुढच्या १२ वर्षांत तिथल्या पोलिसांमधल्या आत्महत्यांचं प्रमाण ७९ टक्क्यांनी घटलं. त्याच प्रांतातल्या इतर पोलिसांमध्ये तसं झालं नाही. हे एका माणसाच्या चांगुलपणावर उभं नव्हतं. आमचं होतं.

आठ महिन्यांनी मॅडमची बदली झाली. नव्या ठाणे प्रमुखांनी पहिल्या भेटीत मला विचारलं, "तुमच्याकडे कोण कोण येतं, त्याची यादी मिळेल का?" मी नाही म्हटलं आणि तो कागद पुढे ठेवला. त्यांनी वाचला, विचार करतो म्हणाले आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. सही करायला त्यांना तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत त्या ठाण्यातून माझ्याकडे एकही नवा माणूस आला नाही. सही झाल्यावर सहाव्या दिवशी एक जण आला, आणि बसायच्या आधी त्याने खिशातून त्याच कागदाची घडी काढून टेबलावर ठेवली.